सील की एम३४०आय? घाट, हायवे आणि शिरोलीचा रोजचा रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० त्यांच्याकडे आहे, ती ७२ हजार किलोमीटर चालली आहे. रोजचा प्रवास राजारामपुरी ते शिरोली, महिन्यातून दोन-तीनदा पुणे, आणि जमेल त्या रविवारी पहाटे गगनबावडा. आता गाडी बदलायची आहे. इलेक्ट्रिक बीवायडी सील परफॉर्मन्स घ्यावी की पेट्रोलवरची बीएमडब्ल्यू एम३४०आय? मित्र सांगतात की इलेक्ट्रिकला पिकअप आहे पण जीव नाही. हे कितपत खरं आहे?

उद्यमनगरात माझं गॅरेज सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली. त्यातली वीस वर्षं पेट्रोल इंजिनं खोलण्यात गेली. गेल्या चार-पाच वर्षांत इलेक्ट्रिक गाड्याही येऊ लागल्या, बहुतेक सस्पेन्शन, ब्रेक आणि टायरच्या कामाला. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गाड्या गिऱ्हाइकांच्या परवानगीने मी कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर आणि तिथून वैभववाडीकडे उतरणाऱ्या करूळ घाटात चालवल्या आहेत. माझं मत आधीच सांगतो: तुमच्या वापराला सील घ्या आणि ऑक्टाव्हिया विकू नका. एम३४०आय ही फार उत्तम गाडी आहे. तरी मी असं का म्हणतोय, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात पिकअपपासून करू. सील परफॉर्मन्सला दोन मोटर आहेत, मिळून ५३० पीएस आणि ६७० न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत. एम३४०आयचं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन ५०० न्यूटन मीटर देतं आणि शंभरला ४.४ सेकंदांत पोचतं. तुमची आरएस पावणेसात सेकंदांच्या आसपास आहे. कागदावर पहिल्या दोघींत अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त फरक दिसतो. रस्त्यावर तो याहून मोठा वाटतो, आणि त्याला कारण आहे. हंगामात बालिंग्याच्या पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत तुमच्यापुढे चाललेला असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसतो तो चार-पाच सेकंदच. पेट्रोल गाडीत तुम्ही पाय दाबता, गिअरबॉक्स दोन गिअर खाली येतो, टर्बो भरतो आणि मग गाडी उसळते. एम३४०आयचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक हे काम इतक्या चपळाईने करतो की त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण तो क्षण असतोच. इलेक्ट्रिक मोटरला शून्य आरपीएमपासून पूर्ण टॉर्क मिळतो, तिथे बदलायला गिअर नाही आणि भरायला टर्बो नाही. पायाचा अंगठा हलला की गाडी पुढे. ऊसट्रॉली ओलांडताना या फरकाचं मोल कळतं. सरळ रस्त्यावरचा वाद इलेक्ट्रिकने मिटवला आहे, आणि माझ्यासारख्या पेट्रोलवाल्याने ते मान्य करायला हवं.

वेग फार वाढल्यावर चित्र थोडं बदलतं. मोटरचे फेरे वाढतात तशी तिची स्वतःची उलटी विद्युत शक्ती वाढते आणि टॉर्क उतरत जातो. पोर्शेने टायकान या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या ॲक्सलला दोन गिअर दिले ते त्यासाठीच. पण हा फरक ज्या वेगाला जाणवतो, तो वेग आपल्या रस्त्यांवर कायद्याने आणि अक्कलेनेही चालवायचा नाही. त्यामुळे हा मुद्दा तुम्ही सोडून द्या.

वजनाचा मुद्दा मात्र सोडू नका. सील परफॉर्मन्स जवळजवळ २,१८५ किलोंची आहे, एम३४०आय साधारण १,७५० किलोंची. तुमची आरएस चौदाशे-साडेचौदाशेच्या घरात. म्हणजे आजच्या सवयीपेक्षा सातशेहून जास्त किलो तुम्ही घाटात घेऊन जाणार. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गाडी वळणात कलत नाही. त्यामुळे डोक्याला वाटतं की गाडी हलकी आहे. इथेच माणूस फसतो. कलणं आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वेगाला सीलमध्ये एम३४०आयपेक्षा पाव हिश्श्याने जास्त गतिज ऊर्जा साठलेली असते आणि वळण घेताना ती सगळी चार टायरांच्या तळहाताएवढ्या ठशांनाच सांभाळायची असते.

एकच लांब वळण असेल तर सील रुळावरून चालल्यासारखी जाते. पण करूळ घाटात डावं वळण संपतं न संपतं तोच उजवं येतं. त्या बदलात एम३४०आय तुमच्याबरोबर वळते. सील आधीचं वळण पूर्ण करून, मग भार दुसऱ्या बाजूला टाकून वळते. हे अंतर क्षणाचं असतं, पण स्टिअरिंग धरलेल्या हाताला ते कळतं. तुमची आरएस याबाबत दोघींपेक्षा सरस वाटेल. तिच्या पुढच्या चाकांना कमी ताकद दिलेली आहे म्हणून ती हळू आहे, पण हलकी असल्याने तिच्याशी बोलणं सोपं जातं. टायरचा खर्चही इथेच धरा. जड गाडी आणि तात्काळ मिळणारा टॉर्क, या दोन्हींमुळे १९ इंची टायर लवकर झिजतात. माझ्याकडे आलेल्या इलेक्ट्रिक सेडानमध्ये सगळ्यात आधी बदललेली वस्तू बहुतेक वेळा टायरच होती.

एक गोष्ट पेट्रोलच्या चाहत्यांनी लक्षात घ्यावी. जड होण्याचा रोग पेट्रोललाही लागला आहे. २०२४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम५ हायब्रिड आहे आणि तिचं वजन चोवीसशे किलोंच्या वर आहे. मर्सिडीजच्या सी६३ मध्ये आठ सिलिंडरच्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि बॅटरी आली, वजन एकवीसशेच्या पुढे गेलं. एम३४०आयसारखी विजेचा मोठा भार न घेतलेली सहा सिलिंडरची सेडान आज दुर्मीळ होत चालली आहे. तिची ओढ वाटते ती उगाच नाही.

आता उतार. घाटात गाडीची खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरताना उंचीचा फरक पाचशे मीटर धरला, तर एम३४०आयला सुमारे २.४ युनिट ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. दोन किलोवॅटचा गिझर सव्वा तास चालवल्यावर जेवढी उष्णता होते तेवढी ही आहे. काही भाग इंजिन ब्रेकिंग आणि वारा घेतो, उरलेली सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ते लवकर मुरतं. काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून फोनवर म्हणाले, "पेडल स्पंजासारखं आत चाललंय." गाडी निर्दोष होती, ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. तेव्हापासून मी घाटात जाणाऱ्या प्रत्येकाला दोन वर्षांनी ऑइल बदलायला लावतो.

इलेक्ट्रिकमध्ये हेच काम मोटर करते. पाय उचलला की ती जनित्र होते आणि उताराची ऊर्जा बॅटरीत परत जाते, यालाच रिजनरेशन म्हणतात. सील जड असल्याने तिच्याकडे सुमारे तीन युनिट असतात, त्यातला मोठा वाटा परत मिळतो आणि डिस्क थंड राहतात. मी स्वतः खाली उतरून डिस्कजवळ हात नेऊन पाहिला आहे, गरमीचा त्रास नव्हता. वजनाने जे बिघडवलं त्यातलं बरंच काही इथे भरून निघतं. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर. कोल्हापुरातून पूर्ण भरून निघालात तरी बावड्यापर्यंतच्या पंचावन्न किलोमीटरमध्ये दहा-एक युनिट खर्च होतात, म्हणून अडचण येत नाही. पन्हाळ्यावर राहणाऱ्याने मात्र रात्री शंभर टक्के भरून सकाळी खाली उतरू नये.

याला जोडून एक गॅरेजमधली गोष्ट. इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक फार कमी वापरले जातात, त्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथून आलेली गाडी आठवडाभर नुसती उभी ठेवली तर पॅड डिस्कला चिकटतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन कमीत कमी ठेवून पायाने चार-पाच वेळा नीट ब्रेक लावा. एवढ्याने काम होतं.

आता तुमच्या मित्रांच्या "जीव नाही" या बोलण्याकडे येतो. ते चुकीचं बोलत नाहीत, पण त्यांना जे जाणवलं त्याचं कारण त्यांनी शोधलेलं नाही. पेट्रोल गाडी चालवणारा माणूस वेग कानाने मोजतो. तिसऱ्या गिअरला इंजिन अमुक सुरात आलं की वेग किती, हे काट्याकडे न बघता कळतं. वळणाआधी गिअर खाली घेतला की आवाज चढतो, नाकात थोडा गरम वास येतो, सीटखाली कंप बदलतो. ही सगळी माहिती आहे. ती डोळ्यांवाटे येत नाही म्हणून डोळे रस्त्यावर राहतात. सहा सिलिंडरचं सरळ इंजिन याबाबत सगळ्यात गोड. त्याची रचनाच अशी की पिस्टनांची पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाची कंपनं एकमेकांना रद्द करतात, म्हणून आवाज स्वच्छ येतो. चार हजार आरपीएमनंतर एम३४०आय जी तान घेते ती ऐकून माझ्या हातावर आजही शहारा येतो. मी आयुष्यभर इंजिनं उघडली आहेत, हे लपवायचं कशाला!

सीलमध्ये ही सगळी वाट बंद आहे. टायरचा आवाज, वारा, एवढंच. परिणाम असा की घाटात नवा चालक प्रत्येक वळणात त्याला वाटतं त्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटरने जास्त वेगात शिरतो. माझं स्वतःचंही पहिल्या दिवशी तसंच झालं. आंबा घाटात एका वळणात अँटीस्किडने गाडी सावरली, तेव्हा काट्यावर पाहिलं आणि मग उरलेला घाट सावकाश केला. सुरुवातीचे दोन महिने वळणाआधी वेगाच्या आकड्यावर नजर टाकायची सवय लावा. विंडस्क्रीनवर आकडा दिसतो, तो चालू ठेवा. स्पीकरमधून वाजवलेला खोटा आवाज असेल तर बंद करा. तो पायाशी जुळतो, पण चाकाखाली काय चाललंय त्याची खबर त्याच्याकडे नसते.

पावसात मात्र इलेक्ट्रिक पुढे आहे. चाक घसरायला लागलं की मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी करता येतो. इंजिनात थ्रॉटल बंद होणं, इग्निशन मागे घेणं, टर्बोतली हवा सोडणं, इतक्या पायऱ्या असतात. ओल्या शेवाळलेल्या वळणात सील ज्या शांतपणे बाहेर पडते, त्यात माझा तिच्यावरचा विश्वास वाढला.

सातत्याबद्दल थोडं. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की तिचं व्होल्टेज खाली येतं आणि पूर्ण ताकद मिळत नाही. पेट्रोल गाडीत टाकीत पाच लिटर उरले तरी ताकद तीच. ट्रॅकवर हा फरक उघडा पडतो. सरासरी शंभर किलोवॅटने वीस मिनिटं चालवली तर ३३ युनिट संपतात, वर बॅटरी तापते ती वेगळी. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर जाऊन दिवसभर फेऱ्या मारायच्या असतील तर पेट्रोलच न्या. तुमच्या प्रश्नात ट्रॅकचा उल्लेख नाही, म्हणून यावर एवढंच.

पुण्याचा हिशेब सोपा आहे. अंतर साधारण २३० किलोमीटर. शंभरच्या आसपास चाल ठेवली तर अशी सेडान शंभर किलोमीटरला १८ ते २० युनिट घेते, म्हणजे एका बाजूला ४१ ते ४६ युनिट. सीलची बॅटरी ८२.५ युनिटांची. पुण्याला पोचल्यावर निम्म्याच्या आसपास उरतं, परतीसाठी मध्ये एकदा भरावं लागतं. ६० किलोवॅटच्या चार्जरवर वीसवरून ऐंशी टक्क्यांना पाऊण ते एक तास धरा, कराड-साताऱ्याकडे जेवायला थांबता तेवढा वेळ. पण चाल १३० ची ठेवलीत तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, युनिट २५ कडे जातात आणि हा हिशेब कोसळतो. एम३४०आय त्याच रस्त्याला लिटरमागे दहाचं ॲव्हरेज देईल असं धरलं तर तेवीस लिटर पेट्रोल. घरी भरलेल्या विजेपेक्षा हा खर्च कितीतरी पट जातो. शिरोलीला रोज जाणं-येणं तर तुम्हाला जाणवणारही नाही, आठवड्यातून एकदा रात्री भरा. घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या राजारामपुरीतल्या बऱ्याच घरांचं अर्थिंग नावापुरतं असतं, तिथे चार्जर चालू होतच नाही आणि दोष गाडीवर जातो.

शिरोलीचं नाव आलं म्हणून पुराबद्दल लिहायलाच हवं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला, तुम्ही ते पाहिलंच असेल. पेट्रोल इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की सिलिंडरमध्ये ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या दोन पुरांनंतर अशी वाकलेली रॉड मी हातात धरली आहेत. इलेक्ट्रिकला हवा ओढायची नसते आणि बॅटरीचा डबा सीलबंद असतो, म्हणून काही जण ती पाण्यात घालायला धजावतात. असं अजिबात करू नका. सीलचा ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिलिमीटर आहे. कनेक्टर, सेन्सर, चाकाच्या बेअरिंगा हे सगळं पाण्याखाली जातं. गाडी पुरात बुडाली असेल तर चालू करून बघू नका, चार्जला लावू नका, उच्च दाबाच्या नारिंगी केबलना हात लावू नका. आणि ओढून नेताना चारही चाकं वर उचललेल्या ट्रकवरच न्या. कायम चुंबकाची मोटर असलेल्या गाडीची चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते.

पेट्रोलच्या बाजूने आपल्या जिल्ह्याचा एक धागा आहे. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं इथेनॉल आपल्याकडच्या उसातूनही येतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, टर्बो इंजिनाला ते मानवतं. पण त्यात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरतं. २०१७ च्या तुमच्या आरएसचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील एकदा तपासून घ्या. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालवणार असाल तर टाकी अर्धवट भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

तुम्ही फाउंड्रीवाले आहात म्हणून मनातलं एक लिहितो. या शहराने इंजिनाचे ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड ओतून पिढ्या जगवल्या. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला तिची शिफारस करताना मला हे दरवेळी टोचतं. पण ब्रेकची डिस्क अजून बिडाचीच आहे, जड गाडीला ती मोठी लागते. सस्पेन्शनचे नकल, म्हणजे चाक धरणारे सांधे, लागतात, मोटरचं ॲल्युमिनियमचं कवच लागतं. ही गाडी घेतलीत तर एकदा माझ्या रॅम्पवर उचलून खालून बघा. कुठलं कास्टिंग कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसेल.

तर निर्णय. तुमच्या शंभरातले नव्वद किलोमीटर शिरोली आणि पुण्याचे आहेत. तिथे सील शांत, वेगवान आणि स्वस्त पडते. दोन्ही गाड्यांच्या किमतीत वीस लाखांच्या आसपास फरक आहे. एम३४०आयचा जो आनंद आहे तो रविवारी पहाटे मिळणार, आणि त्या रविवारसाठी तुमच्याकडे आरएस आधीच आहे. नव्या आरएसची वाट बघत असाल तर २०२५ मध्ये २६५ पीएसची आली ती भारतात फक्त शंभर, त्यावर विसंबू नका. एकच गाडी ठेवण्याइतकी जागा असेल आणि घाट हाच तुमचा जीव असेल, तर एम३४०आय घ्या, मी अडवणार नाही.

आरएस ठेवणार असाल तर या महिन्यात इतकं करा. डीएसजी गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ६० हजारांना बदलायचा असतो, तुमच्या नोंदवहीत तो झालेला दिसत नसेल तर लगेच करून घ्या. ब्रेक ऑइल नवं भरा. पुढच्या खालच्या आर्मचे बुश बघा, ७२ हजारांना ते गेलेले असतात आणि स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. टायर पाच वर्षांहून जुने असतील तर रबर कडक झालेलं असतं, खाच कितीही शिल्लक असो, बदला.

सीलची चाचणी घेताना शोरूमच्या माणसाने दाखवलेल्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नका. घरच्यांना मागे बसवून पन्हाळ्यावर चढा आणि उतरा. आईला किंवा वडिलांना मागच्या सीटवर गुडघे किती वर येतात ते विचारा, कारण खाली बॅटरी असल्याने तिथली जमीन उंच आहे आणि मांडी अधांतरी राहते. येताना वाटेत लागणाऱ्या प्रत्येक स्पीडब्रेकरवरून पूर्ण भारानिशी गाडी काढून बघा, तळ घासतो का ते कळेल. मग चावी परत द्या, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करा.